कागदावरचा आकडा

यांना डायलिसिस लागले तेव्हा मधुमेह घरात येऊन चौदा वर्षे झाली होती. आमचे गाव गंगाखेड तालुक्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार परभणीला जायचे, चार तास यंत्राला जोडून पडायचे आणि दिवेलागणीला परतायचे. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा मोफत मिळावी म्हणून केंद्राने २०१६ साली कार्यक्रम जाहीर केला. पण आठवड्यात शेतीचे तीन दिवस मोडतात, ते कोण भरून देणार? असो.

एकदा रक्ताचा कागद हाती आला. कोलेस्टेरॉल कमी! मला कोण आनंद झाला. शेजारच्या मामींचे ऐकून मी यांचे अंडे, दूध तोडले होते. घरच्या करडईचे तेलसुद्धा थेंबाने मोजत होते. वाटले, केलेले फळाला आले.

डॉक्टर मात्र गंभीर झाले. म्हणाले, "ताई, मूत्रपिंड गेलेल्या माणसाचा हिशेब वेगळा. रक्तातली चरबी फोडण्याचे काम मंदावते, म्हणून ट्रायग्लिसराइड चढते आणि चांगले कोलेस्टेरॉल घटते. एकूण आकडा पुष्कळदा बराच दिसतो. तो फार खाली गेला, तर माणसाच्या पोटात पुरेसे जात नाही अशी शंका घ्यायची."

खरेच, यांच्या दंडाचे मांस उतरले होते आणि मी कागद बघून हरखले होते! अंड्याचा पांढरा भाग दुसऱ्याच दिवशी सुरू केला.

"मग मामी घेतात ती कोलेस्टेरॉलची गोळी यांना द्यायची का?" मी विचारले. त्यांनी सांगितले, की जर्मनीत डायलिसिसवरच्या १२५५ मधुमेही रुग्णांवर अशी गोळी तपासली, त्याचा निकाल २००५ साली आला. २००९ साली आणखी २७७६ रुग्णांचा आला. दोन्हीकडे कोलेस्टेरॉल उतरले, पण हृदयाचे झटके आणि मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. म्हणून डायलिसिसवर आल्यावर ती सहसा नव्याने सुरू करीत नाहीत. आधीपासून चालू असेल तर मात्र बंद करीत नाहीत. शेजारच्या खाटेवरचे काका ती परस्पर सोडणार होते, ते ऐकून थांबले.

मग यांच्या हृदयाला धोका कशाचा? रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते, पाण्याच्या भाराने हृदय जाड होते, पोटॅशियम चढले की ठोका बिघडतो. हे सारे ऐकले होते. कळले मात्र येळवशीला.

त्या वर्षी येळवस रविवारी आली. शुक्रवारनंतरचा लांब खाडा. कडब्याच्या कोपीत पांडव पुजले, आणि यांनी भज्जीवर तीन वाट्या आंबील घेतली. मीच वाढली. वर्षाचा सण, नाही कसे म्हणू? आंबील म्हणजे पाणीच, आणि भज्जीतल्या हिरव्या दाण्यांत, शेंगांत पोटॅशियम, हे त्या घटकेला सुचलेच नाही. मध्यरात्री हे उठून बसले. आडवे होता येईना, श्वास पुरेना. पुतण्याने जीप काढली. परभणीपर्यंत मी यांची पाठ धरून बसले होते. काट्यावर वजन भरले नेहमीपेक्षा साडेतीन किलो जास्त. पहाटे यंत्र लावले, तेव्हा कुठे तोंडावर रंग आला.

आता घरात वजनकाटा आहे. सकाळी हे त्यावर उभे राहतात, आकडा मी कॅलेंडरवर लिहिते. दिवसाचे पाणी एका तांब्यात मोजून ठेवते. भाजी चिरून पाण्यात उकळायची, ते पाणी फेकून द्यायचे आणि मग फोडणी. चव जाते, हे खरे.

यंदा येळवशीला एकच लहान वाटी आंबील दिली. यांनी वाटीकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, पांडवांनासुद्धा याहून जास्त वाढलीस की!"