एक समुद्र आटतो, एक चढतो



पेसाख झाल्यावर मुलाच्या गाडीतून आम्ही याम हामेलाखला, म्हणजे मृत समुद्रावर गेलो. नातू बरोबर होता. दिमोनाहून अरादमार्गे उतरताना कानांत दडे बसतात. वाटेत समुद्रसपाटीची पाटी येते आणि मागे पडते, तरी गाडी आपली खाली खालीच जाते. पाण्याचा काठ आज समुद्रसपाटीच्या ४३५ मीटरांहून जास्त खाली आहे. उघड्यावर याहून सखल जमीन जगात कुठे नाही.

१९७१ साली अलिया करून आलो तेव्हा एन गेदीला रस्ता ओलांडला की थोड्याच पावलांवर पाणी होतं. आता तिथे कुंपण आणि धोक्याच्या पाट्या! जमिनीत अचानक खड्डे पडतात म्हणून २०१५ साली तो किनारा बंदच झाला. पाणी पार लांब दिसतं. नातवाने विचारलं, "सबा, हे ग्लोबल वॉर्मिंगने झालं ना?" मी म्हटलं, "हो रे बाबा."

घरी आलो, पण मनाला चैन पडेना. मुलाला खरं सांगितलं का आपण? मग वाचायला बसलो, आणि कळलं की माझं उत्तर चुकलं होतं.

मृत समुद्राला पाणी मिळायचं ते मुख्यतः यार्देन नदीचं. १९६४ साली आपल्या सरकारने किनेरेतचं पाणी मोठ्या नळांनी देशभर नेलं. यार्मुक नदीचं पाणी सीरिया आणि जॉर्डनने घेतलं. शिवाय दक्षिणेला आपले आणि जॉर्डनचे कारखाने क्षारांसाठी समुद्राचं पाणी उन्हात आटवतात. म्हणून पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर उतरते. मी आल्यापासून बारा-तेरा मजली इमारतीइतकं पाणी खाली गेलं! समुद्र मागे हटला की जमिनीतलं गोडं पाणी खालच्या मिठाच्या थरात शिरतं, मीठ विरघळतं, आणि वरची जमीन खचते. या खड्ड्यांना इथे बोलानीम म्हणतात. वाढत्या उष्म्याने बाष्प जास्त होतं हे खरं, पण मुख्य कारण नद्यांचं पाणी तोडलं हेच.

मग ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे काय? पृथ्वीवर हवेची एक गोधडी आहे. सूर्याचा उजेड तिच्यातून आत येतो, जमीन तापते, आणि ती उष्णता परत जाताना कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ यांच्यात काही अडकते. ही गोधडी चांगलीच आहे. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असतं! पण कोळसा, तेल आणि गॅस जाळून आपण ती जाड करत चाललो आहोत. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. २०२४ हे मोजलेल्या वर्षांत सर्वांत गरम वर्ष ठरलं.

याचा समुद्रावर परिणाम दोन प्रकारे होतो. काठोकाठ भरलेलं पातेलं चुलीवर ठेवा, उकळायच्या आधीच पाणी ओघळू लागतं, कारण तापलं की पाणी फुगतं. दुसरं म्हणजे बर्फ. कोकमच्या सरबतातला तरंगता बर्फ वितळला म्हणून पेला सांडत नाही. पण ग्रीनलँड, अंटार्क्टिका आणि डोंगरांवरचा बर्फ जमिनीवर आहे, तो वितळून समुद्रात येतो. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटर चढली. म्हणजे जवळजवळ एक वीत.

गेल्या वर्षी नातवाला घेऊन भारतात गेलो. खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या टप्प्याचं दर्शन घेतलं आणि नवगावला गेलो. गलबत फुटून आपले सात पुरुष आणि सात बायका याच किनाऱ्याला लागल्या असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बुडालेल्यांच्या स्मारकापाशी हश्काबा म्हटली. मग वाळूत उभं राहून नातवाला वीत दाखवली.

"सबा, एवढंच?"

एवढंच! पण परतताना धरमतर खाडीकडच्या एका गावात एका शेतकरीदादांनी याचा अर्थ सांगितला. त्यांच्या खारभूमीच्या बांधाला उधाणात खांड पडली आणि भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं. "बांधाची डागडुजी होत नाही, हे पहिलं कारण," ते म्हणाले. "पण उधाणही आता वर चढतंय." समजलं. आजोबा-पणजोबांनी बांध घातला तो त्यांच्या वेळच्या पाण्याला. आता उधाण आणि वादळ दोन्ही वीतभर वरून सुरू होतात. त्यात गरम समुद्रावर वादळांना जोर येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांनी नातेवाइकांकडून ऐकलंच आहे.

विमानात मी नातवाला माझी चूक सांगितली. मृत समुद्राचा नळ दोन-तीन सरकारांच्या हातात आहे. त्यांनी ठरवलं तर पाणी पुन्हा सोडता येईल. नवगावच्या समुद्राला तसा नळ नाही. आज हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं राहतो. तो परत घेता येत नाही, फक्त नवा कमी सोडता येतो. आपल्या गच्चीवरचा दूद शेमेश तेच काम करतो. १९८० साली नव्या घरांना तो कायद्याने सक्तीचा झाला. मझगान थोडा कमी लावला तरी तेच काम होतं.

एक विनंती. कोणाकडे नवगाव, रेवदंडा, मुरूडच्या किनाऱ्याचे जुने फोटो असतील तर मागे साल आणि जागा लिहून जपून ठेवा. पाणी तेव्हा कुठे होतं ते नातवंडांना दाखवायला दुसरं काही राहणार नाही.