सहा हत्यारे

आमच्या जामसांवलीला लोक येतात ते निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनाला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या गावात कोणी गलबत बांधू लागला, तर लोक हसणारच. मला ते हसले.

निमित्त वर्गात घडले. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराविषयी सांगत असता एका मुलाने विचारले, "सर, गुराब आणि गलबत यांत फरक काय?" गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी, गलबत लहान व चपळ, वारा पडला की वल्ही मारून गुराबेलाही ओढून नेणारे, एवढे मी सांगितले. पण ज्यांनी समुद्रच पाहिला नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहणार? दीड फुटी सागवानी गलबत करून दाखवायचे मी ठरविले. सागाची महती काय सांगावी! १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे.

माझे चुकले ते हत्यारांपाशी. नागपुराहून २४ नगांचा नक्षीकामाचा संच आणला आणि पहिल्याच आठवड्यात दोन पात्यांची धार मुडपली. अखेर गावातील वृद्ध सुताराकडे गेलो. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. संच पाहून ते म्हणाले, "एवढ्या हत्यारायले धार लावता लावताच पोळा निघून जाईन, सर."

मग त्यांनी सहाच सांगितली: बारीक दात्यांची करवत, अर्ध्या इंचाची पटाशी, वीतभर रंधा, अर्धगोल कानस, सामता आणि गुण्या. धारेचा दगड ते हत्यारांत मोजीत नसत. जेवणात पाणी कोण मोजतो? गलबताचा कणा पिळला गेला की पुढचे श्रम व्यर्थ, म्हणून गुण्या आधी. फासळ्यांवर पट्ट्या नीट बसाव्यात म्हणून त्यांच्या कडा कलत्या घासाव्या लागतात. तेथे पटाशीहून कानस भली. २ मिलिमीटरची पट्टी गरम पाण्यात भिजवून तापल्या नळीवर वाकवायची. विजेच्या ड्रिलने ती फुटते. सामत्याची दोरी ओढताना मात्र लाकूड कोठे हार खाते, ते हाताला कळते. शिकंज्याऐवजी कपड्यांचे चिमटे चालले.

गलबत अर्धे झाले आणि ते गेले.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा पेटी घेऊन शाळेत आला. माझाच विद्यार्थी, नागपुरास प्लायवूडचे फर्निचर करतो, काम सारे यंत्रावर. "भंगारवाला किलोनं मागते, सर. त्याच्या आधी तुमाले लागन ते काढून घ्या."

एकेकाळी बापाच्या हाताखाली काम करून तो शाळेत उशिरा येई. तेव्हा भर वर्गात मी त्याला म्हटले होते, "जन्मभर रंधाच मारणार आहेस काय?" त्याला ते आठवत होते की नाही, कोण जाणे. मला आठवत होते.

पेटीत चाळीसेक हत्यारे होती. मी सहा निवडली. पटाशीच्या मुठीला अंगठ्याने झिजून खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात बसेना. रंधा मी परत त्याच्यापुढे ठेवला. "हा तुझ्याकडे असू दे. आणि बाकीची भंगारात घालू नकोस."

त्याने रंध्याचे पाते काढून बोटाने पाहिले.

"धार गेली याची. दगड कुठी हाये, सर?"

शाळेच्या ओट्यावर बसून त्याने सगळ्यांना धार लावली. सुकाणू बसवायचे राहिले आहे. पोळ्याला येईन तेव्हा बसवून देतो, असे सांगून गेला आहे.