खालून पाहिलेली जिप्सी

कोयनेच्या खोऱ्यात जनावरांचा डॉक्टर असणं म्हणजे निम्मा जन्म रस्त्याशी भांडण्यात घालवणं. हेळवाक, नवजा या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डांबर संपलं की वाडीपर्यंतचा शेवटचा टप्पा म्हणजे तांबडा चिखल, मधून वाहणारे ओहोळ आणि उभे चढ. म्हैस अडल्याचा निरोप नेमका अशाच वाडीतून येतो, तोही रात्री. माझ्या थोरल्या भावाने हा पट्टा वर्षानुवर्षं मोटारसायकलवर सांभाळला. गुडघे कुरकुरायला लागले तसं दादाने चारचाकी घ्यायचं ठरवलं आणि घरात सगळ्यांनी नको नको म्हटलेली गाडीच दारात आणून उभी केली. २००४ सालची मारुती जिप्सी.

त्याचा हिशेब मात्र अगदीच वेडगळ नव्हता. नवी थार किंवा जिम्नी घ्यायची तर सुरुवातच दहा लाखांच्या घरात. सातारा-कराड भागात वडापाच्या जुन्या जीपा अजून स्वस्तात मिळतात, डिझेलवर चालतात, त्यांना हात लावणारे मिस्त्रीही गल्लोगल्ली आहेत. पण वडापाला राबलेल्या जीपेने दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसं वाहिलेली असतात. तिची चासी कुठे कुठे जोडलीय ते मालकालाही आठवत नाही. शिवाय त्यातल्या पुष्कळशा फक्त मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या. दादाला चारही चाकांना ताकद देणारी, वजनाला हलकी गाडी हवी होती. जिप्सीचं वजन एक टनाच्या आसपास. चिखलात हलकी गाडी रुतते कमी, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून बाहेर काढतात.

जिप्सी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये. मूळ सुझुकीची एसजे ४१०, तिचा लांब चासीचा अवतार. इंजिन ९७० सीसीचं, ताकद जेमतेम ४५ अश्वशक्ती. १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं आणि २००० साली सोळा व्हॉल्व्हचं, कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय असलेलं, ८० अश्वशक्तीचं. हे इंजिन एस्टीम मोटारीतल्या इंजिनाच्या घराण्यातलं. जुनी गाडी रोज वापरायची असेल, तर नातं पाहावं ते असं. पाव्हण्यांच्या घरातही तिचे पार्ट सापडतात. २०१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सी बंद झाली, पण लष्कराने ती पुढेही घेतली. लष्कर, पोलीस, वन विभाग, ताडोब्यातल्या सफारी यांनी तिला इतकी वर्षं धरून ठेवलं म्हणून आजही पुण्याच्या नाना पेठेत तिचा ब्रेक लायनर मागितला तर दुकानदार मान वर न करता काढून देतो. बंद पडलेल्या गाड्यांपैकी फार थोड्यांचं नशीब असं असतं.

गाडी सांगलीकडच्या एका बागाईतदाराची. लांबून पाहिली तर दृष्ट लागावी अशी: लष्करी हिरवा रंग, छपरावर दिव्यांची रांग, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड आणि चाकं अशी की मुलांनी सोबत उभं राहून फोटो काढावेत. कराडच्या मिस्त्रींना दादा सोबत घेऊन गेला होता. मीही होते. मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली गेले.

"डॉक्टर, रंग मागनं बघू. आधी सांगाडा बघू द्या."

त्यांच्याकडे दोनच हत्यारं: एक लोहचुंबक आणि एक जुना पेचकस. पत्र्याला चुंबक चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर लांबी, म्हणजे रंगाखाली भरलेली पुट्टी. मागच्या चाकावरच्या कमानीला चुंबक लागलंच नाही, घसरून खाली पडलं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात पेचकस टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. बागाईतदाराचा चेहरा उतरला. मिस्त्री मात्र खालून खुशीत ओरडले, "चासी लोखंड हाय, डॉक्टर! घ्या!"

जिप्सीची बॉडी शिडीसारख्या चासीवर नटबोल्टने बसवलेली असते, हे त्या खुशीचं कारण. पत्रा कापून नवा जोडता येतो, चासी सडली तर खेळ खलास. शिवाय चासीच्या दांड्यावर कोरलेला नंबर. आरटीओच्या कामात त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यावा लागतो. गंजाने तो आकडा खाल्ला असेल तर गाडी कितीही धडधाकट असो, कागदावर ती मेलेली. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने दांडा घासला, मी बॅटरी धरली आणि दादाने कागदावर पेन्सिल फिरवली. एकेक अक्षर वर येत गेलं आणि आरसी बुकाशी जुळलं. मगच किमतीची बोलणी सुरू झाली.

दादाने पहिलं काम काय केलं असेल, तर ती फोटोवाली चाकं काढली. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, आणि बसवलेला २३५/७५ आर १५. व्यासात जवळपास दहा टक्क्यांचा फरक. म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने पळत असते. इंजिनाला प्रत्येक चढ जड जातो, ब्रेक उशिरा लागतात, आणि पॉवर स्टेअरिंग नसलेल्या या गाडीत वळवताना खांद्याचा पिट्टा पडतो. पुढचा लोखंडी गार्डही गेला. केंद्राच्या परिवहन खात्याने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असे गार्ड काढायला लावा म्हणून कळवलं होतं. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये सांगितलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी माझं स्पष्ट मत असं, की जुन्या जीपांवर होणारा निम्मा खर्च हा त्यांना पुन्हा नासवण्याचा खर्च असतो. छपरावरच्या दिव्यांच्या वायरी रिले न लावता थेट बॅटरीवरून ओढलेल्या होत्या. डॅशबोर्डमागे त्यातल्या एकीचं प्लास्टिक वितळून दुसरीला चिकटलं होतं. तो गुंता सोडवायला इलेक्ट्रिशियनने इंजिनवाल्यापेक्षा जास्त दिवस घेतले.

पण खरी दुखणी वेगळीच होती. पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग असं थरथरायचं, की गाडी थांबवल्याशिवाय इलाज नाही. सगळ्यांनी सांगितलं, अलाइनमेंट करा, बॅलन्सिंग करा. मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वरखाली धरून हलवलं आणि म्हणाले, किंगपिन. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल जुन्या धाटणीचा. चाक वळतं ते दोन किंगपिनांच्या बेअरिंगवर, आणि ती एका लोखंडी गोळ्याच्या वर-खाली बसलेली. गोळ्याभोवती नमद्याचं सील. ते झिजलं की पाणी आणि चिखल आत जातो, आतलं ग्रीस काळा रस्सा होऊन बाहेर येतं आणि बेअरिंग खाल्ली जाते. आमच्या गाडीत ती हाताने कुस्करावी इतकी गेलेली.

नवी बेअरिंग घालताना ती किती आवळायची हे पातळ पत्र्याच्या चकत्यांवर, शिमवर, ठरतं. ढिली राहिली तर थरथर, जास्त आवळली तर वळवताना जड. स्टेअरिंगचा दांडा सोडवून त्या जागी तानकाटा अडकवायचा आणि किती ओढ दिल्यावर चाकाचा सांधा हलतो ते पाहायचं, अशी पद्धत आहे. मिस्त्रींचा तानकाटा सापडेना. दादाने बॅगेतून शेळीची करडं तोलायचा स्वतःचा काटा काढून दिला. मग त्या काट्यावर एक चकती काढ, पुन्हा तोल, अर्धी घाल, पुन्हा तोल, असं चाललं. बघणाऱ्याला कंटाळा यावा असं ते काम, आणि गाडी रस्त्यावर सरळ चालण्याचं सगळं श्रेय त्यालाच.

पाट्यांवर मिस्त्रींशी वाद झाला. जिप्सीला चारही चाकांवर पाटे आहेत, त्यामुळे रिकाम्या गाडीत बसणं म्हणजे बैलगाडीतून दगडी पाणंदीने जाणं. मिस्त्री म्हणाले, मधला एकेक पाटा काढतो, मऊ होईल. दादा ऐकेना. गाडीत औषधांच्या पेट्या, लिक्विड नायट्रोजनचा कॅन, कधी एखादं आजारी वासरू, वजन राहणारच. शेवटी पाटे तेवढेच ठेवले, उतरवून साफ केले, बुश आणि शॅकल नवे घातले. मऊपणाचा प्रश्न निम्मा सुटला. उरलेला निम्मा वहिनीने उशी घेऊन सोडवला.

पत्र्याचं काम सगळ्यात लांबलं. सडलेली फरशी आणि कमानी कापून नवा पत्रा वेल्ड केला, आतून जस्ताचा प्रायमर दिला, पोकळ जागांत मेण फवारलं. पेंटरने बाहेरून गुळगुळीत करायला लांबी मागितली तेव्हा दादाने जेमतेम एक थर मंजूर केला. आत गालिचा नाही, साधी रबरी चटई. पाणी जायची भोकं आधीच्या कोणीतरी बुजवली होती ती पुन्हा मोकळी केली. चिखलाचे बूट घालून रोज चढायच्या गाडीत पाणी येणारच, त्याला बाहेर जायला वाट हवी. टाकीतून चहाच्या गाळासारखा गंज निघाला. टाकी धुऊन पंपाची जाळी आणि रबरी नळ्या बदलल्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि वीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, तेव्हा नळ्यांत काटकसर केली नाही.

कागदांची यात्रा स्वतंत्रच. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, तपासणीला गाडी उभी करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजारांवर. त्यात नव्या सुरक्षा नंबरप्लेटची भर. कुणीतरी सल्ला दिला, जपून ठेवा, पन्नाशीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळेल. ती मिळते, पण २०२१ च्या त्या नियमांनुसार अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. दादाच्या म्हशी तेवढं थांबणार नाहीत.

या पावसाळ्यात मी तिच्यातून दोन-तीनदा त्याच्यासोबत गेले. डांबर संपलं की तो थांबतो, गिअरच्या शेजारचा छोटा दांडा ओढतो आणि चारही चाकं जोडतो. परतताना डांबर लागायच्या आत न विसरता सोडवतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि हा फरक सामावून घेणारा डिफरन्शियल जिप्सीच्या मधोमध नाही. चिखलात चाकं घसरून हिशेब मिटवतात, कोरड्या डांबरावर तो ताण गिअरांवर येतो. उभ्या उतारावर तो 'लो' टाकतो. मग ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनाच्या धाकात मुंगीच्या चालीने उतरते आणि मागच्या बाकावर नायट्रोजनचा कॅन हलतसुद्धा नाही.

तक्रारी आहेतच. लिटरला दहा किलोमीटर मिळाले तरी खूप. एसी नाही. कराडपर्यंत हायवेने जायचं तर ट्रकवाले हॉर्न मारून मागे टाकतात आणि आतल्या आवाजात फोनवर बोलता येत नाही. मागच्या दाराच्या फटीतून पाणी येतं, त्याला नवं रबर लावूनही येतं. मिस्त्रींच्या मते दाराची बिजागरी स्टेपनीच्या वजनाने खाली बसलीय. दादाच्या मते दाराची चौकटच वाकडी आहे. गाडी या रविवारी कराडला जाणार आहे. कुणाचं खरं ते तिथे दार उतरवल्यावर कळेल.