दोन फुटांचा समुद्र

समुद्री मिठाची बादली घरात आली तेव्हा अम्मीनं विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, समुद्राचं पाणी तयार करायचं मीठ. ती माझ्याकडे बघतच राहिली. "पीने को पानी नै मिलता, और तू अच्छे पानी में नमक डालरा?"

तिचं काय चुकलं? आम्ही नळदुर्गचे. पावसाळ्यात किल्ल्यातल्या पाणीमहालावरून बोरी नदी कोसळताना बघायला लांबून लोक येतात. उन्हाळ्यात मात्र आमची बोअर आटते आणि टँकरची वाट बघावी लागते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात मला खाऱ्या पाण्याच्या माशांचा शौक. मूळ मुंबईत. लहानपणी मामूंनी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं, तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी साधारण ५५ लिटर, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं. बोअरचं जड पाणीही चालत नाही, म्हणून आरओचं. आरओ शुद्ध पाणी देताना बरंच पाणी बाहेर टाकतं. ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरायचं, ही अम्मीची पहिली अट.

त्यानंतर नुसते दगड आणि पाणी. शेजारी येऊन विचारायचे, मासे कुठे आहेत? माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर वसायला महिना-दीड महिना लागतो. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी तिसऱ्याच आठवड्यात दोन क्लाउनफिश आणले. एक चौथ्या दिवशी मेला. अमोनियाची चाचणी मी तो मेल्यावर केली. अम्मी एवढंच म्हणाली, "जान तो उसकू बी थी." त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसरा कसाबसा जगला. अशा टाकीची खरी शोभा म्हणजे प्रवाळ, आणि एकानं मला जिवंत तुकडा देऊही केला होता. मी नको म्हटलं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं दगडी प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलंय. क्लाउनफिशची पैदास तरी टाकीत होते. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ती करून दाखवली आहे. प्रवाळाचा तुकडा मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून ओरबाडलेला नाही, हे मला कोण सांगणार? शिवाय नेहमीपेक्षा एक-दोन अंश जास्त ऊन काही आठवडे टिकलं की समुद्रातलेसुद्धा प्रवाळ पांढरे पडतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. माझ्या टाकीत दगड आहेत, प्रवाळ नाही. जाणकारांना ती अर्धवट वाटेल. वाटू दे.

पाणी २६ अंशांवर ठेवायला वर छोटा पंखा लावलाय. त्यानं पाणी थंड होतं, पण उडतंही फार. आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून खाऱ्या टाकीत रोज गोडंच पाणी भरावं लागतं, उन्हाळ्यात लिटरभर तरी. अम्मी वजू एका लोट्यात करते. वाहत्या नदीवर बसलात तरी वजूचं पाणी वाया घालवू नका, ही हदीस आम्ही तिच्याच तोंडून शिकलो. तिच्यासमोर ते लिटरभर पाणी ओतताना माझा हात चोरटा व्हायचा. आरओच्या वाया पाण्याचा हिशोब मी तिला न विचारता द्यायचो.

मे महिन्यात दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. काचेवर काळ्या टेपची खूण केली होती. तिथपर्यंत पाणी भर, असं पुतण्याला सांगून गेलो. रात्री फोन केला तर अम्मीनं उचलला.

"वो छोकरा कां करता? मैंच डाली. निशानी तक. फिल्टर का डाली, नल का नै."

"और नमक तो नै डाला ना?"

"नमक कायकू? नमक तो उसमेंच है."