पेठ आणि माळ

कोल्हापूरच्या पूर्वेस, गुजरीच्या गजबजाटापासून दूर, उघड्या माळावर शिवाजी विद्यापीठाचा आठशेहून अधिक एकरांचा परिसर पसरला आहे. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तथापि या विद्यानगरीचा पाया शहरात फार पूर्वीच घातला गेला होता. 1901 साली राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतील मुलांना शिक्षणासाठी हक्काचा निवारा लाभला. कर्मवीर भाऊराव पाटील याच बोर्डिंगचे विद्यार्थी. राजाराम महाविद्यालयात तीन दशके अध्यापन करणारे प्राकृत पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये पुढे विद्यापीठात कला शाखेचे अधिष्ठाता झाले.

आज व्यापारी घरांतील मुले या माळावर वाणिज्य वा संगणकशास्त्र शिकून दुकानाच्या गल्ल्यावर परततात, अथवा पुण्या-मुंबईची वाट धरतात. प्राकृताकडे मात्र क्वचितच कोणी वळते. मंदिरांतील पोथ्या वेष्टनात सुरक्षित आहेत. त्या वाचणारे डोळे विरळ होत आहेत. चार दानांत शास्त्रदानाचे मोल बोर्डिंग उभारणाऱ्या पूर्वजांनी जाणले होते. घराण्यातील एक तरी मूल त्या भाषेकडे वळले, तर ते दान पुढच्या पिढीच्या हाती पोहोचेल.