आई-बाबांची दुपार

परदेशात कुठे स्थायिक व्हायचं, ही चर्चा आता नागपुरात घरोघरी चालते. लक्ष्मीनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, कुठल्याही गल्लीत शिरा. खाली आई-बाबा आणि मुलासाठी बांधलेला वरचा मजला कुलूपबंद, अशी दोन-चार घरं सापडतातच. मुलांकडे तक्ता तयार असतो. टोरांटोत पगार किती, म्युनिकला भाडं किती, व्हिसा कुठे लवकर पक्का होतो, शाळा कुठल्या चांगल्या. त्या तक्त्यात एक रकाना मला कधीच दिसला नाही: आई-बाबा तिथे राहायला आले, तर त्यांची दुपार कशी जाईल?

माझ्या लेकीचं घर न्यू जर्सीच्या एका उपनगरात आहे. शाळेसाठी घेतलेलं. अमेरिकेत सरकारी शाळांचा बराचसा पैसा त्या भागातल्या घरपट्टीतून येतो आणि मूल कोणत्या शाळेत जाणार, हे बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून ठरतं. म्हणून चांगली शाळा हवी असेल तर महाग वस्तीत घर घ्यावं लागतं, आणि या वस्त्या गाडी चालवणाऱ्यांसाठीच आखलेल्या असतात. आम्ही नवरा-बायको तिथे राहायला गेलो, तेव्हा सकाळी सगळे बाहेर पडले की घरात आम्ही दोघंच. घरापुढचा फूटपाथ टपालपेट्यांपाशी संपायचा. पुढे मोठा रस्ता, गाड्या भरधाव. पलीकडचं दुकान दिसायचं, पण रस्ता ओलांडायला जागाच नाही. हे कोपऱ्यापर्यंत जायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. हाच माणूस नागपुरात फुटाळ्यावर फिरून, गोकुळपेठेतून भाजी घेऊन, वाटेत चौघांशी बोलून दहाच्या आत घरी येतो. लेक-जावयांनी आमचं सगळं हौसेनं केलं. पण ते संध्याकाळी घरी येईपर्यंत बोलायला कोणी नसायचं, आणि हे दिवसेंदिवस गप्प होत गेले.

त्याच राज्यात, जर्सी सिटीच्या नेवार्क ॲव्हेन्यूजवळ, आमच्या ओळखीतलं एक जोडपं मुलाकडे राहतं. फ्लॅट लहान, पाहुणा आला की गाद्या हॉलमध्ये. पण खाली उतरलं की भारतीय वाणसामानाची दुकानं, देऊळ, चालत जाण्यासारखं रेल्वे स्टेशन. काकू एकट्या जाऊन कोथिंबीर आणतात, भाव करता येत नाही म्हणून चिडतात, आणि ते सगळं फोनवर मला रंगवून सांगतात. दोन्ही घरांत प्रेम सारखंच आहे. फरक पत्त्यामुळे पडला.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कोणी लक्षात घेत नाही. आई-बाबा जातात ते एप्रिल-मेमध्ये. इथला ४५ अंशांचा उन्हाळा चुकतो, तिकडे झाडं बहरलेली, दिवस लांब. सहा महिन्यांनी परत येतात आणि सांगतात, काय सुंदर गाव आहे! त्या गावचा जानेवारी त्यांनी पाहिलेलाच नसतो. कॅल्गरी किंवा एडमंटनमध्ये पारा उणे तीसपर्यंत उतरतो, तेव्हा सत्तरीच्या माणसाला दाराबाहेर पडणं म्हणजे काय, हे जूनमध्ये कळणार कसं?

कायद्याचा विचार तर त्याहून उशिरा होतो. ब्रिटननं २०१२ साली नियम इतके कडक केले, की वयस्क आई-वडिलांना कायमचं बोलावणं जवळजवळ अशक्य झालं. ऑस्ट्रेलियात पालकांच्या साध्या कायमस्वरूपी व्हिसासाठी तिथलं सरकारच तीस वर्षांच्या घरातली प्रतीक्षा सांगतं. पासष्टीच्या माणसानं तो अर्ज का भरावा? कॅनडाचा सुपर व्हिसा आहे, २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण आरोग्यविमा स्वतःचा काढावा लागतो. मुलगा पंचविशीत देश निवडतो तेव्हा आई-बाबा धडधाकट असतात, त्यामुळे हे प्रश्न सुचतच नाहीत. ते उभे राहतात वडिलांच्या पहिल्या ॲंजिओप्लास्टीच्या रात्री.

भाचीचा मागे फोन आला होता. "मावशी, ॲडलेडला पक्कं व्हायची संधी जास्त आहे, मेलबर्नला नोकऱ्या जास्त. काय करू?" ॲडलेड आणि पर्थ ही शहरं ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी 'प्रादेशिक' भागात मोजली जातात, म्हणून तिकडे जाणाऱ्यांना जास्तीचे गुण मिळतात. मी तिला एवढंच विचारलं, "तुझी आई तिथे एकटी बाजारात जाऊ शकेल का?" ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ते तर मी पाहिलंच नाही."

खरं तर आपलं नागपूरच बाहेरून आलेल्यांनी वसवलेलं. १७०२च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शहानं बारा वाड्या जोडून हे शहर उभं केलं. १८८७ साली बेंगॉल नागपूर रेल्वे निघाली, तिच्यामागून बंगाली कुटुंबं आली. धंतोलीतली दुर्गापूजा आजही गाजते. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जरीपटक्यात वसले. बंगाली नोकरीसाठी आले, सिंधी सगळं गमावून. दोघांनी वस्ती मात्र एकत्र केली, म्हाताऱ्यांसकट, आणि आपली पूजा, आपली शाळा, आपलं दुकान शेजारीच उभं केलं. आपली मुलं एकेकटी जातात आणि एकेकट्या घरात राहतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, अमेरिकेतही गावोगावी मंडळं आहेत. पण वर्षातून गणपती-दिवाळीला गाडीनं गाठायचं मंडळ दुपारी तीन वाजता उपयोगी पडत नाही.

मुलांनी परत यावं, असं माझं म्हणणं नाही. त्यांनी आयुष्य तिथे उभं केलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तिकडे घराच्या कर्जावर सही करण्याआधी आई-बाबांना एकदा भर जानेवारीत महिनाभर बोलावून घ्या. त्या दिवसांत त्यांना गाडीतून कुठे नेऊ-आणू नका. संध्याकाळी घरी आलात की विचारा, आज कुठे गेला होतात, कोणाशी बोललात? महिनाभर "कुठे नाही" हेच उत्तर आलं, तर ते घर घेऊ नका.