दीडशे मीटरच्या आतली भाजी

बोरिवलीचं नाव वनस्पतिशास्त्राच्या जागतिक नोंदीत गेलं ते एका रोपट्यामुळे. सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली एका मुसळीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला नाव दिलं क्लोरोफायटम बोरिविलियानम. दुकानांत ‘सफेद मुसळी’ म्हणून जिची मुळं शक्तिवर्धक म्हणून विकली जातात, ती हीच. डोंगरउतारावरच्या वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांना मात्र मुळांपेक्षा पात्यांशी काम. पहिल्या पावसानंतर गवतासारखी लांबट, मऊ पाती वर येतात. तिला आणि तिच्या कुळातल्या इतर भावंडांना आपण सरसकट फोडशी म्हणतो, कुणी कुलू म्हणतं. बुडाचा पांढरा, जून भाग काढायचा, बारीक चिरायची आणि लसणाच्या फोडणीवर भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतायची. जून सरता सरता ही भाजी बोरिवली स्टेशनबाहेर जुडीने मिळते, आणि तिच्यावरून शेकडो माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून चालत जातात.

मी आहारतज्ज्ञ आहे. माझं काम मुलुंड-भांडुपपासून बोरिवलीपर्यंतच्या वस्त्यांमध्ये, बहुतेक वेळ गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासोबत जातो. ‘काय खावं’ हे सांगायचे मला पैसे मिळतात. ते सांगणं सोपं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. हा आकडा चाळीतल्या बाईला ऐकवला की ती हसते. चौघांचं घर म्हणजे रोज दीड किलोच्या वर भाजी. ती आणायची कुठून, कधी, आणि कामावरून साडेआठला उतरल्यावर निवडायची कुणी? माझ्या विषयातले खरे प्रश्न हे आहेत. जीवनसत्त्वं नंतर येतात.

आधी उपनगराची भाजी येते कशी ते पाहू. नाशिककडचा ट्रक ठाण्यापर्यंत येतो, मुलुंडच्या वेशीला जवळजवळ खेटून जातो आणि ऐरोलीवरून वाशीला पोचतो. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये तिकडे गेला, तेव्हापासूनचा हा रिवाज. वाशीत लिलाव, तिथून टेम्पो, दादरसारखा मधला बाजार, मग पुन्हा मुलुंड. कोबी, टोमॅटो, सिमला मिरची हा प्रवास सोसतात. माठ, चवळी, शेवग्याचा पाला यांचा त्यात पाचोळा होतो. म्हणून मोठ्या बाजारात टिकणाऱ्या भाजीचं राज्य असतं आणि पोषणाच्या दृष्टीने जी सर्वांत मोलाची, ती कोमेजणारी भाजी या साखळीच्या बाहेर राहते.

ही बाहेरची भाजी आणतात त्या पाट्या घेतलेल्या बायका. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि सफाळे, पालघर, बोईसरकडच्या बायकांना बोरिवली-अंधेरी एका गाडीच्या अंतरावर आली. वसईकडच्या वाडीवाल्या त्याही आधीपासून येत. मध्य रेल्वेवर कसारा आणि कर्जतच्या बाजूने येणाऱ्या मुलुंड-घाटकोपरला उतरतात. आणि काही तर गाडीतही बसत नाहीत. राष्ट्रीय उद्यानाचं जंगल बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरलेलं, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, पलीकडे आरे. दोन्हीकडे आदिवासी पाडे. आरेतल्या वरकस जमिनीवर पावसाळ्यात काकडी, भेंडी, पडवळ, दुधी निघतो आणि गोरेगाव-जोगेश्वरीला डोक्यावरून येतो. सकाळी तोडलेली काकडी दुपारच्या कोशिंबिरीत. याहून ‘स्थानिक’ काय असणार?

या बायका किलोवर विकत नाहीत, वाटा लावतात. एक वाटा एका घराच्या एका वेळेपुरता, फ्रिज नसलेल्या घरालाही पुरून न उरणारा. शिवाय वाट्याबरोबर सूचना फुकट. शेवळं घेतलीत की शेजारी काकडाची हिरवी आंबट फळं ठेवलेलीच असतात. ‘ताई, काकडं घ्या सोबत, नाहीतर घसा खाजवंल.’ सुरणाच्या कुळातल्या या भाजीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबटाशिवाय ती शिजवली की घशाचं काय होतं ते विचारू नका. फुलोऱ्याच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, हेही ती सांगते. रानभाज्यांच्या बाबतीत अन्नसुरक्षेची व्यवस्था म्हणजे ती बाई. मोबाइलवर फोटो बघून येऊरच्या वाटेवर स्वतः भाजी खुडायला निघालेल्या हौशी मंडळींना मी हात जोडून परत पाठवते.

आता अडचण. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्यानंतर फेरीवाल्यांचा प्रश्न पेटला आणि १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटर आणि शाळा, रुग्णालय, धर्मस्थळापासून शंभर मीटर फेरीवाले नकोत. पुलावर आणि जिन्यात कुणी बसू नये याबद्दल माझं दुमत नाही. त्या पुलांवरून मीही चालते. पण दीडशे मीटरचं वर्तुळ काढलं की त्यात मोबाइलची कव्हरं विकणारा आणि टाकळा विकणारी एकाच रांगेत बसतात. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने पथविक्रेत्यांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी जागा ठरवणं सांगितलं आहे. पण जून ते सप्टेंबर एवढेच महिने, तेही आठवड्यातून काही दिवस, दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्या बाईला परवान्याच्या कागदात बसवायचं कसं? तिच्या पाटीतला माल संध्याकाळपर्यंत सुकतो. पालिकेची गाडी आली की पाटी उचलून पळायचं, म्हणजे निम्मा माल चुरगळला. दंडापेक्षा हा तोटा मोठा असतो.

आणि तो तोटा आपलाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला: ५४ टक्के. लोह वाढवायचं म्हटलं की सगळे पालक आणतात. पण पोषण संस्थेचे तक्ते उघडून पाहा. १०० ग्रॅम पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम, हिरव्या माठात साडेचारहून जास्त. कॅल्शियमचा फरक तर डोळ्यांत भरणारा: पालकात ८० च्या आसपास, माठात ३३० मिलिग्रॅम. शेवग्याचा पाला माठाच्याच तोडीचा. अर्थात एकट्या भाजीने बाईची २९ मिलिग्रॅमची गरज भागत नाही, आणि वनस्पतीतलं लोह शरीर कंजूषपणे शोषतं. म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, हे माझं ठरलेलं पालुपद.

इथे एक गोष्ट बजावून सांगते, कारण दिवाळी अंकातले लेख कापून ठेवले जातात. रानभाज्यांच्या मेळाव्यात प्रत्येक टोपलीशेजारी पाटी असते: ही मधुमेहावर, ती मूतखड्यावर, ती चक्क कर्करोगावर. कुर्डूची, भारंगीची, दिंड्याची भाजी औषध म्हणून खाऊ नका. चांगली भाजी म्हणून खा. वर्षभर त्याच चार भाज्या खाणाऱ्या ताटात पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणखी दहा प्रकारची पानं, शेंगा, कोंब येतात, एवढा फायदा मला पुरेसा वाटतो.

‘स्थानिक’ म्हणजे आपोआप ‘चांगलं’ असंही नाही. मध्य रेल्वेने जाताना रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, भेंडीचे हिरवेगार वाफे दिसतात. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’च्या काळात मोकळी जागा लागवडीला दिली, त्याची ही शिल्लक. घरापासून हाकेच्या अंतरावर पिकलेली भाजी. पण शेजारच्या नाल्याचं पाणी त्यात जात असेल तर ती धुऊन स्वच्छ होत नाही. पानावरचे जंतू शिजवण्याने मरतील, पानात शोषलेले जड धातू जाणार नाहीत. भाजीवालीला ‘कुठली’ विचारायचं ते एवढ्यासाठी.

पूर्व आणि पश्चिम उपनगरांची खाण्याची तऱ्हा वेगळी, हे या बायका माझ्याआधीपासून ओळखून आहेत. घाटकोपरला कंटोळी न्यायची, पाला नाही. तिथल्या जैन घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, म्हणजे पाल्याचा भर असतो नेमके तेच महिने. मुलुंड-बोरिवलीच्या मराठी घरांत उलट: आषाढी एकादशीचा उपास सोडायला वाघेटी शोधतात, श्रावणी सोमवारी कवळा, आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून माठ, अळू, भेंडी, शिराळं, सगळं एकत्र. पोषणशास्त्राला जे विविधतेचं तत्त्व सांगायला तक्ते लागतात ते आपल्या आज्यांनी व्रतात घालून ठेवलं. मात्र व्रतामुळे मिळणारी ही विविधता वर्षातून एकेकदाच येते, हेही खरं.

सगळा लेख पाल्यावरच जातोय म्हणून मासळीबद्दल दोन वाक्यं. अंधेरीला वेसाव्याच्या कोळणी आहेत आणि मरोळला सुक्या मासळीचा बाजार. ज्या घरात दूध परवडत नाही तिथे मी सोडे नाही, जवळा आणि मांदेली सांगते. काट्यासकट, सालीसकट खाल्लं जातं, कॅल्शियम मिळतं, फ्रिज लागत नाही. एवढंच, की पॅकेटातली खारवलेली मासळी रक्तदाबवाल्यांनी भिजवून, पाणी टाकून खावी.

लोकांनी मिळून काय केलं, हा खरा विषय. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एक गोष्ट शांतपणे करते आहे: शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका घरी उतरवायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा. दुकानदाराचा नफा आणि भेसळीची भीती, दोन्ही कमी. तिचं मुख्यालय विलेपार्ल्यात. उपनगरांतल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत गेली पन्नास वर्षं डाळ-तांदूळ असाच येतो. कोरड्या मालाला ही रचना चपखल बसते. पालेभाजी महिन्याच्या यादीत मावत नाही.

सरकारनेही दोन दारं उघडली. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला आणि पणन मंडळाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. शेतकऱ्यांचे गट ट्रक घेऊन थेट येतात, वाशी टळते. चांगलं आहे, पण तिथेही कोबी-टोमॅटोच जास्त. गटाला, ट्रकला, स्टॉलला परवडेल एवढा माल लागतो आणि एका पाटीवालीचा तेवढा नसतो. कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव २०२० पासून ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला धरून होतो. त्याने शहरी माणसाला टाकळा ओळखता येऊ लागला. पण ९ ऑगस्टला शेवळं केव्हाच संपलेली असतात आणि टाकळाही जून झालेला. भाजीचं वेळापत्रक पाऊस ठरवतो, कॅलेंडर नाही.

म्हणून मला सर्वांत आशा वाटते ती एका अगदी साध्या प्रकाराची. काही सोसायट्यांनी फाटकाच्या आत, वॉचमनच्या खोलीशेजारची पाच-सहा फूट जागा आठवड्यातून एक सकाळ पाटीवाल्यांना दिली. भाडं नाही. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, पावसात वर ताडपत्री. रस्ता नाही म्हणून गाडीची भीती नाही, आणि स्टेशनपासूनचं अंतर मोजायची गरजच नाही. आमच्याकडे हे सुरू करताना कमिटीत दोन हरकती आल्या: कचरा होईल, आणि बाहेरची माणसं आत येतील. कचऱ्याचं उत्तर सोपं, देठं खताच्या खड्ड्यात. दुसऱ्या हरकतीवर बराच वाद झाला. रोज दहा-दहा मिनिटांत किराणा पोचवणारी अनोळखी मुलं लिफ्टने बाराव्या मजल्यापर्यंत जातात, त्यांची कुणाला भीती वाटत नाही का, असं एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं तेव्हा ठराव मंजूर झाला. भाव पाडून मागायचा नाही, हा एकच नियम आम्ही गिऱ्हाइकांना घातला. शेजारच्या वस्तीतल्या बायकांनाही येऊ द्यायचं का, यावर अजून एकमत नाही. माझ्या मते त्याशिवाय या उद्योगाला अर्थ नाही, कारण रक्तक्षय फाटकाबाहेर जास्त आहे. तूर्त त्यांच्यासाठी पाटी परत जाताना अंगणवाडीपाशी थांबते.

आणखी एक हिशेब यंदा करावा लागला. गिऱ्हाईक वाढलं की रानावर ताण येतो. शेवळं म्हणजे रानटी कंदाचा फुलोरा. तो खुडला की त्या वर्षी बी धरत नाही. मुसळीची मुळं खणून खणून ती बऱ्याच ठिकाणी दुर्मिळ झाली, ते उदाहरण समोर आहेच. टाकळा आणि कुर्डू मात्र तण आहेत, कितीही खुडा, रस्त्याकडेला पुन्हा उगवतात. म्हणून जूनमध्ये आम्ही फाटकावर लिहून लावलं: टाकळा हवा तेवढा, शेवळं घरटी एक वाटा. पाटीवाल्या मावशींना यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. एका जागचे सगळे कोंब त्या कधीच काढत नाहीत. समजावावं लागलं ते गिऱ्हाइकांना, आणि त्यातही माझ्या एका सीकेपी मैत्रिणीला, जिने नणंदेच्या नावावर दुसरा वाटा नेलाच.